तयार झाला, पण विकता न आलेला माल
रद्द झालेल्या व्हिडिओ गेममधील चित्रीकरणाचे काय होते?

व्यापारात माल खपला नाही तर तो गोदामात पडून राहतो. पडत्या भावाने का होईना, कधीतरी त्याचे चार पैसे हाती येतात. परंतु काही माल असा असतो की तो मेहनतीने तयार होतो, त्याची मजुरीही दिली जाते आणि तरीही तो कोणालाच विकता येत नाही. ज्याने पैसा ओतला त्यालासुद्धा नाही. दूरचित्रवाणी मालिकेवरून बनविल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमसाठी नटनट्यांचे चित्रीकरण करावे आणि मग तो गेमच रद्द व्हावा, हा या प्रकाराचा ठळक नमुना होय. हा धंदा अमेरिकेतला आणि मोठ्या भांडवलाचा आहे. तथापि त्यातला हिशेब ऑर्डरप्रमाणे माल बनविणाऱ्या प्रत्येक कारागिराने समजून घ्यावा असा आहे.

गेममध्ये नट कशासाठी?

फ्लॉपीवर दीड एमबीसुद्धा मजकूर मावत नसे. सीडी-रॉम आली आणि एका तबकडीत सुमारे ६५० एमबी मावू लागले. इतकी जागा मिळताच गेममध्ये खरी माणसे, खरे संवाद आणि चलचित्र घालण्याची चढाओढ लागली. १९९४ साली आलेल्या ‘विंग कमांडर’ मालिकेतील तिसऱ्या गेममध्ये मार्क हॅमिल हा चित्रपटांतील नामांकित नट होता आणि तो गेम चार सीडींवर विकला गेला. १९९६ सालच्या चौथ्या भागाला सहा सीडी लागल्या.

याचा परिणाम असा झाला की, पूर्वी संगणकावर काम करणारे तंत्रज्ञ आणि चित्रे काढणारे कलाकार जो माल तयार करीत, त्यासाठी आता सेट, पोशाख, कॅमेरा, दिग्दर्शक आणि संकलक हा सारा सरंजाम लागू लागला. एकही सीडी विकली जाण्याआधी खर्चाचा आकडा फुगू लागला.

शिवाय हे चित्रीकरण चित्रपटासारखे सलग नसते. खेळणारा जिंकला तर एक दृश्य, हरला तर दुसरे, भलताच मार्ग धरला तर तिसरे, असे तुकडे पाडलेले असतात. पुष्कळदा नट रिकाम्या पडद्यासमोर उभा असतो आणि मागचा देखावा संगणकाने नंतर भरायचा असतो. थोडक्यात, एका विशिष्ट यंत्रासाठी घडविलेले हे सुटे भाग. ते यंत्र उभे राहिलेच नाही, तर सुटे भाग दुसरीकडे बसत नाहीत.

‘बॅबिलॉन ५’चे प्रकरण

‘बॅबिलॉन ५’ ही जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांची अंतराळावरील अमेरिकन मालिका. तिचा प्रारंभीचा चित्रपट १९९३ साली दाखविला गेला आणि मालिका १९९४ ते १९९८ अशी पाच वर्षे चालली. तिच्यावरून ‘इन्टू द फायर’ नावाचा गेम बनविण्याचे काम सिएरा या कंपनीने हाती घेतले. खेळणाऱ्याने लढाऊ यानाच्या चालकापासून सुरुवात करावी आणि बढती मिळवीत मोठ्या जहाजांच्या ताफ्याचे नेतृत्व करावे, अशी त्याची योजना होती. मालिकेतील प्रमुख कलावंतांना घेऊन चित्रीकरण झाले. दिग्दर्शन जॅनेट ग्रीक यांचे होते. मालिकेचे संगीतकार ख्रिस्तोफर फ्रँके यांनी नवे संगीत रचून ध्वनिमुद्रितही केले. आणि काम बरेच पुढे गेले असताना २१ सप्टेंबर १९९९ रोजी कंपनीने गेम रद्द केला.

मालक बदलत गेले

हे का घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सिएरा ही केन आणि रॉबर्टा विल्यम्स या पती-पत्नीने १९७९ साली काढलेली कंपनी. कॅलिफोर्नियातील ओकहर्स्ट या लहानशा गावात ती वाढली. १९९६ साली सीयूसी इंटरनॅशनल या बड्या कंपनीने ती एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली; पण हा मोबदला रोख नव्हता, सीयूसीच्या शेअर्सच्या रूपात होता. १९९७च्या डिसेंबरात सीयूसी आणि दुसरी एक कंपनी एकत्र येऊन सेंडंट हे नवे नाव आले. एप्रिल १९९८ मध्ये उघड झाले की सीयूसीच्या वह्या खोट्या होत्या, नफा फुगवून दाखविला जात होता. शेअरचा भाव एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे २००७ साली सीयूसीचे माजी प्रमुख वॉल्टर फोर्ब्स यांना या प्रकरणी १२ वर्षे ७ महिन्यांची कैद सुनावली गेली.

सेंडंटने गेम बनविणारा विभाग फ्रान्सच्या हावास या कंपनीला विकला. नव्या मालकाच्या अमलात २२ फेब्रुवारी १९९९ रोजी ओकहर्स्ट येथील गेमनिर्मिती बंद करण्यात आली आणि अनेकांची रोजी गेली. ‘बॅबिलॉन ५’च्या लोकांना वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे हलविले गेले. सात महिन्यांनी त्यांचेही काम थांबले. गेम रद्द होण्याचा सारा दोष त्या खोट्या वह्यांच्या माथी मारता येणार नाही. पण ज्याने काम सांगितले तो मालक एक आणि ज्याने थांबविले तो दुसराच, हे मात्र खरे. दिलेल्या शब्दाची किंमत मालक बदलला की किती उरते, याचा हा धडा आहे.

इतका खर्च झाल्यावर काम थांबवावे का?

हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. समजा, एका मालावर आठ लाख खर्च झाले आहेत आणि तो पूर्ण करण्यास आणखी दोन लाख लागणार आहेत. विक्रीतून पाच लाख येणार असतील, तर एकूण तोटा असूनही काम पूर्ण करावे; तोटा आठऐवजी पाच लाखांवर येतो. पण विक्रीतून दीडच लाख येणार असतील, तर थांबणेच शहाणपणाचे. (हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.) बुडालेले आठ लाख दोन्ही वेळा बुडालेलेच, विचार करायचा तो पुढच्या दोन लाखांचा. गेमच्या बाबतीत या पुढच्या खर्चात जुळणी, चाचणी, सीडी, खोके, जाहिरात आणि दुकानदाराचे कमिशन एवढे सगळे येते. त्यातच मालिका १९९८च्या नोव्हेंबरात संपली होती. लग्नसराई उलटल्यावर शालूला जशी मागणी राहत नाही, तसेच मालिका बंद पडल्यावर तिच्या नावाच्या मालाचे होते.

मग ते चित्रीकरण विकले का जात नाही?

कारण अशा मालावर एकाचा नव्हे, अनेकांचा हक्क असतो. मालिकेचे नाव आणि पात्रे मूळ मालकाची. ‘बॅबिलॉन ५’च्या बाबतीत वॉर्नर ब्रदर्सची. गेम कंपनीला मिळतो तो केवळ परवाना, तोही ठरलेल्या कामापुरता आणि मुदतीपुरता. फिल्म कंपनीच्या खर्चाने बनते, पण नटाचा चेहरा आणि आवाज सहसा त्या एका गेमसाठीच करारबद्ध केलेला असतो; दुसरीकडे वापरायचा तर पुन्हा संमती आणि मोबदला हवा. संगीताचा करार आणखी वेगळा. सर्वांची संमती मिळविण्याचा खर्चच मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून रिळे पेटीत राहतात.

नटाला मेहनताना मिळतो, पण काम लोकांसमोर येत नाही. आणि काम दिसल्याशिवाय पुढचे काम मिळत नाही. हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत लिहिले जात नाही. मालिकेतील आंद्रेयास कात्सुलास, जेरी डॉयल आणि मिरा फुर्लान हे कलावंत आता हयात नाहीत. तो संच पुन्हा जमवून नवे चित्रीकरण करणे आता कोणालाही शक्य नाही.

असाच प्रकार इंटरप्ले कंपनीच्या ‘स्टार ट्रेक’वरील ‘सीक्रेट ऑफ व्हल्कन फ्युरी’ या गेमचा. त्यासाठी मूळ मालिकेच्या लेखिका डी. सी. फोंटाना यांनी कथा लिहिली होती आणि मूळ कलावंतांचे आवाज घेतले जात होते. तोही पूर्ण झाला नाही. त्यातील एक कलावंत डीफॉरेस्ट केली जून १९९९ मध्ये निधन पावले.

जुना माल, नवा धोका

आता या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने जुन्या ध्वनिमुद्रणावरून नवा आवाज आणि जुन्या चित्रीकरणावरून नवा अभिनय तयार करता येतो. म्हणजे पेटीत पडलेला माल उद्या कारागिराच्या संमतीवाचून त्याचाच प्रतिस्पर्धी होऊ शकतो. याच मुद्द्यावर अमेरिकेतील कलावंतांच्या संघटनेने व्हिडिओ गेम कंपन्यांविरुद्ध २६ जुलै २०२४ पासून संप केला. २०२५ साली नवा करार झाला आणि अशा वापरासाठी संमतीची अट त्यात आली.

आपण काय घ्यावे?

नक्षी, साचा, डिझाइन किंवा जरीकाम करून देणाऱ्या आपल्या बांधवांवरही अर्धवट ऑर्डर रद्द होण्याची पाळी येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. पण त्यासाठी करार झाला होता हे दाखविता आले पाहिजे. म्हणून ऑर्डर लेखी घ्यावी. काम टप्प्यांत वाटून प्रत्येक टप्प्याचे पैसे ठरवावेत. मध्येच रद्द झाल्यास किती रक्कम द्यायची आणि नमुना, साचा कोणाकडे राहायचा, हे आधीच लिहावे. धंदा विकला गेला तर नवा मालकही बांधील राहील, असे कलम घालावे.

नक्षी कागदावर चित्र म्हणून उतरविणाऱ्यांनी किंवा लेखन-संगीत करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो. घेणाऱ्याने तो एक वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात आले असे कायदा मानतो. तेव्हा सही करण्यापूर्वी ‘वेगळे’ काय लिहिले आहे, ते कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावे. मजुरी मिळाली म्हणजे व्यवहार संपला असे नाही. आपल्या हातचे काम पुढे कुठे जाणार आणि कोणाच्या पेटीत राहणार, हेही व्यवहाराचाच भाग आहे.