शयनगृहातील वायुवीजन

झोपण्याच्या खोलीतील वापरलेली हवा बाहेर घालवून तिच्या जागी बाहेरची ताजी हवा आणण्याच्या क्रियेस शयनगृहाचे वायुवीजन म्हणतात. मनुष्य दिवसाचे सात-आठ तास, म्हणजे आयुष्याचा जवळजवळ एक-तृतीयांश काळ, या एका खोलीत घालवितो. या काळात दारे-खिडक्या बहुधा बंद असतात व झोपलेल्या माणसास हवा कोंदल्याची जाणीव होत नाही. हवा हलविणे, थंड करणे, गाळणे व बदलणे या चार भिन्न क्रिया असून वायुवीजनात केवळ शेवटची मोडते. व्यवहारात या क्रियांची गल्लत होते आणि पंखा किंवा वातानुकूलक (एअर कंडिशनर) चालू असला म्हणजे खोलीत ताजी हवा येते, असा समज होतो. तो बरोबर नाही.

इतिहास : कोंदट खोलीत वाटणारी अस्वस्थता ऑक्सिजन कमी पडल्यामुळे होते, अशी समजूत दीर्घकाळ होती व आजही आढळते. म्यूनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू हवेच्या दूषिततेचा दर्शक मानावा, असे प्रतिपादन केले. खोलीत त्याचे प्रमाण ०·१ टक्क्यापेक्षा (दशलक्षात १,००० भाग) अधिक असू नये, ही त्यांनी सुचविलेली मर्यादा अद्याप उपयोगात आहे. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. परंतु तो वाढला म्हणजे श्वासातून व शरीरातून बाहेर पडणारे इतर पदार्थही साचले आहेत, असे अनुमान करता येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रोग्याच्या खोलीतील हवेला पहिले स्थान दिले. कार्ल फ्ल्यूगे यांनी १९०५ मध्ये ब्रेस्लौ येथील प्रयोगांवरून असे दाखविले की, कोंदट खोलीतील अस्वस्थतेस मुख्यतः वाढलेली उष्णता व आर्द्रता कारणीभूत असतात.

मुंबईत या प्रश्नाकडे लक्ष वेधले ते १८९६ च्या प्लेगच्या साथीमुळे. दाट वस्तीतील अंधाऱ्या, कोंदट खोल्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने इमारतींसाठी ६३·५° चा नियम पुरस्कारिला. समोरासमोरच्या दोन इमारतींमधील मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी असावी, म्हणजे खालच्या मजल्यावरील खोलीसही उजेड व हवा मिळेल, असे त्याचे स्थूल स्वरूप होते.

हवा दूषित होण्याची कारणे : बाहेरच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण सध्या दशलक्षात सुमारे ४२० भाग असते, उच्छ्वासात ते सुमारे ४ टक्के, म्हणजे जवळजवळ शंभरपट असते. झोपलेला प्रौढ मनुष्य तासाला सुमारे १२ ते १३ लि. कार्बन डाय-ऑक्साइड व त्याबरोबर पाण्याची वाफ बाहेर टाकतो. पावसाळ्यात ही वाफ आधीच दमट असलेल्या हवेत मिसळते. हवा सतत दमट राहिल्यास भिंतींवर व कपाटांमागे बुरशी वाढते आणि गाद्या-उशांत धुळीतील सूक्ष्म किडी (माइट) पोसतात. दमा व नाकाची अधिहर्षता (ॲलर्जी) असलेल्यांना या दोहोंचा विशेष त्रास होतो. यांशिवाय रंग, प्लायवुड व नवे फर्निचर यांतून बाष्पनशील कार्बनी पदार्थ बाहेर पडतात. रात्री झाडे कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात म्हणून खोलीत कुंडी ठेवू नये, असे सांगितले जाते. परंतु माणसाच्या तुलनेत कुंडीतील रोप सोडीत असलेला वायू नगण्य असतो.

धूर हे सर्वांत गंभीर कारण होय. डासांना पळविणारी एक उदबत्ती (कॉइल) जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण (२·५ मायक्रॉनपेक्षा लहान) बाहेर पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणे तर प्राणघातक असते. अपुऱ्या ज्वलनाने निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडास रंग व वास नसतो आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो. झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्ध होतो.

हवाबदलाचे प्रमाण : ३·५ मी. लांब, ३ मी. रुंद व ३ मी. उंच अशा खोलीत ३१·५ घ. मी. हवा मावते. तीत दोन प्रौढ माणसे झोपल्यास तासाला सुमारे २५ लि. कार्बन डाय-ऑक्साइड मिसळतो. सर्व काही बंद असून फटींवाटे तासाला तीन-दशांश हवा बदलते असे धरल्यास आठ तासांनी या वायूचे प्रमाण दशलक्षात सुमारे २,८०० भाग होते. ऑक्सिजन मात्र २०·९ टक्क्यांवरून केवळ २०·६ टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणजे उणीव ऑक्सिजनाची नसते. पेटेनकोफर यांची मर्यादा पाळण्यासाठी तासाला सुमारे ४३ घ. मी. ताजी हवा, म्हणजे खोलीच्या घनफळाच्या सुमारे १·४ पट हवा, आत यावी लागते. डेन्मार्कमधील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, वायुवीजन वाढविल्यानंतर दुसऱ्या दिवशीची सुस्ती कमी झाली व तर्कशक्तीच्या चाचणीतील कामगिरी सुधारली, असे दिसून आले. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या संसर्गाचा संभवही हवा जलद बदलल्याने घटतो. म्हणून अशा रोग्याची खोली उघडी व हवेशीर ठेवणे हा घरातील इतरांच्या संरक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

नैसर्गिक वायुवीजन : हे वाऱ्याचा दाब आणि तापमानातील फरक यांमुळे घडते. उबदार हवा हलकी होऊन वर चढते; तिला वरच्या बाजूस वाट व खालच्या बाजूस थंड हवेला प्रवेश मिळाल्यास प्रवाह सुरू होतो. जुन्या वाड्यांतील चौक, दारांवरील झरोके आणि कौलांमधील फटी यांमुळे हे आपोआप साधत असे. काँक्रीटचे छत व घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्या आल्यापासून या वाटा बुजल्या. सरकत्या दुहेरी तावदानाच्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दारे वगळता खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ उष्ण व दमट प्रदेशात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश, तर उष्ण व कोरड्या प्रदेशात एक-दशांश असावे. मात्र एकाच भिंतीतील मोठ्या खिडकीपेक्षा समोरासमोरच्या भिंतींतील दोन लहान खिडक्यांनी हवा अधिक चांगली खेळते. एकच खिडकी असल्यास खोलीचे दार किंवा त्यावरील झरोका उघडा ठेवल्याने पुष्कळ फरक पडतो.

यांत्रिक साधने : छताचा पंखा घाम वाळवून गारवा देतो; परंतु तो खोलीतील तीच हवा फिरवितो. स्प्लिट प्रकारचा वातानुकूलकही तीच हवा थंड करून परत सोडतो. गारव्यामुळे फ्ल्यूगे यांनी दाखविलेली अस्वस्थता नाहीशी होते आणि हवा शिळी झाल्याची सूचना देणारे लक्षणच लोपते. अशा खोलीत झोपण्यापूर्वी खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलावी व रात्री खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे; विजेचा खर्च त्यामुळे काहीसा वाढतो. शयनगृहास जोडलेल्या स्नानगृहातील निष्कासक (एक्झॉस्ट) पंखा मंद गतीने चालू ठेवल्यास खोलीतील हवा ओढली जाते. मात्र ताजी हवा आत येण्यास वाट हवी. स्नानगृहात गॅसचा गीझर असल्यास हा उपाय योजू नये, कारण ज्वलनातील विषारी वायू खोलीकडे खेचले जाण्याचा धोका असतो. हवा शुद्ध करणारी गाळणयंत्रे सूक्ष्म कण अडवितात. कार्बन डाय-ऑक्साइड व बाष्प त्यांमुळे कमी होत नाहीत.

बाहेरची हवा नेहमीच स्वच्छ असते असे नाही. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहिल्याने शहरांतील धूर व धूळ रात्री आणि पहाटे खाली साचतात. अशा दिवसांत हवा बदलण्यास दुपारची वेळ अधिक योग्य असते. डासांसाठी खिडकी बंद करून उदबत्ती लावण्यापेक्षा खिडकीस जाळी लावणे किंवा मच्छरदाणी वापरणे हितावह होय. जाळीत धूळ अडकून हवेचा मार्ग रोधला जातो, म्हणून ती वरचेवर धुवावी लागते.

हवेची परीक्षा करण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइडमापक मिळतात. परंतु साधी कसोटीही पुरेशी बोलकी असते. खोलीत असणाऱ्याचे नाक तेथील वासाला सरावते. म्हणून सकाळी काही मिनिटे मोकळ्या हवेत जाऊन परत यावे. खोलीत शिरताना कोंदट वास आल्यास रात्रभर हवा पुरेशी बदललेली नाही, असे समजावे.