पेंड वाढवली आणि पिल्लांना हगवण लागली

झाशी म्हटली की मराठी माणसाला किल्ला आठवतो. जनावरांच्या खुराकाशी ज्याचा संबंध येतो त्याला मात्र १९६२ साली तिथे स्थापन झालेली चारा संशोधन संस्था आधी आठवते. चारा हा मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांचा विषय. पण बुंदेलखंडात डुकरं पाळणारेही आहेत, आणि या भुईमुगाच्या मुलखात त्यांच्या हाताशी सहज येते ती शेंगदाण्याची पेंड. गैरसमजही तिच्यापासूनच सुरू होतात.

पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा: जास्त प्रथिनं म्हणजे पिल्लू लवकर भरणार. आईचं दूध तुटलेलं पिल्लू बघा. कालपर्यंत दूध, आज कोरडा भरडा. पोटात आम्ल अजून पुरेसं तयार होत नाही, लहान आतड्याच्या आतले केसासारखे उंचवटे या दिवसांत आखूड होतात, म्हणजे शोषणाची जागाच घटते. अशात बावीस-तेवीस टक्के प्रथिनांचा खुराक दिला, तर न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू त्याला कुजवतात. त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, फिनॉल, इंडोल असले पदार्थ तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराला त्रास देतात. शिवाय प्रथिनं पोटातलं आम्ल शोषून घेतात, त्यामुळे ई. कोलायसारख्या जंतूंची वाट मोकळी होते. मग दूध तुटल्यावर आठवडाभरात पिल्लाची शेपटी ओली, मागचे पाय माखलेले आणि विष्ठेला उग्र वास. लोक म्हणतात, हवा लागली. बरेचदा पेंड लागलेली असते.

“पेंड शेवटी पेंडच, टक्के सारखे म्हणजे झालं.” हेही खरं नाही. शेंगदाणा पेंडीत चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं निघतात, सोयाबीनच्या पेंडीतही तेवढीच किंवा थोडी जास्त. फरक लायसिनचा. हे अमिनो आम्ल डुकराच्या वाढीला सर्वांत आधी कमी पडतं, आणि शेंगदाणा पेंडीत ते सोयाच्या जवळपास निम्मंच असतं. लायसिन भरून काढायला पेंड वाढवत गेलं की बाकीची अमिनो आम्लं फाजील होतात. त्यांतली शोषली गेली ती मोडून त्यांचा नायट्रोजन मूत्रावाटे जातो, न पचलेल्या प्रथिनांवर जिवाणू ताव मारतात. पेंड दमट जागी ठेवून बुरशी आली असेल तर अफ्लाटॉक्सिनचं विष वेगळंच. ते आधी यकृताला धरतं.

गाईचा खुराक डुकराला चालतो, हाही असाच समज. गाईंच्या काही खाद्यांत युरिया असतो. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि तो आकडा प्रथिनं म्हणून धरतात, त्यामुळे कागदावर युरियाही प्रथिनच दिसतो. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू त्यापासून खरी प्रथिनं बनवतात आणि पुढे ती गाईला पचतात. डुकराला रवंथ नाही. त्याचे बहुतेक जिवाणू शेवटच्या आतड्यात, जिथून अमिनो आम्लं फारशी शोषली जात नाहीत. युरियाचा त्याला उपयोग शून्य.

कच्चं सोयाबीन भरडून घालणं तर निव्वळ नुकसान: त्यातला एक घटक प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनलाच अडवतो. भाजून-शिजवून द्यावं, पण करपवू नये, करपलं की लायसिन बांधलं जातं.

हगवण लागली की पाण्यात प्रतिजैविक टाकायचं, ही सवय तर सुटता सुटत नाही. कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठीच्या जनावरांना देण्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे. पिल्लांच्या हगवणीवर युरोपात सर्रास वापरलं जाणारं औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइडही २०२२ पासून तिथे बंद झालं. त्यानंतर खुराकातली प्रथिनं उतरवण्याकडे जास्त लक्ष गेलं: तेवीसऐवजी अठराच्या आसपास, आणि वरून लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन. प्रथिनं एक टक्क्याने उतरवली की मलमूत्रातून जाणारा नायट्रोजन साधारण आठ ते दहा टक्के कमी होतो, गोठ्याचा वासही.

मात्र नुसती पेंड कापून वरून काहीच न देणाऱ्याची पिल्लं खुजी राहतील. लायसिन हायड्रोक्लोराइडची पूड बाजारात मिळते, टनाला काही किलोच लागते, आणि ती आधी थोड्या भरड्यात कालवून मग सगळ्या खुराकात मिसळावी लागते. थेट ओतली तर एका पिल्लाला सगळी, दुसऱ्याला काहीच नाही.