जुने सिंथेसायझर : संग्रह, दुरुस्ती आणि जतन

प्रस्तावना

जुना तंबोरा वाजता करणे हे तुलनेने सोपे काम आहे. तारा बदलाव्या लागतात, जवारी काढावी लागते, भोपळ्याला तडा गेला असेल तर तो सांधावा लागतो. मिरजेत ही कामे करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इलेक्ट्रॉनिक वाद्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे सुटे भाग कारखान्यात तयार होतात आणि कारखान्याने उत्पादन थांबविले की ते मिळेनासे होतात. असे असूनही १९७० ते १९८५ या काळातील वापरलेले सिंथेसायझर मिळवून जपणाऱ्यांचा मोठा वर्ग आज जगभर आहे. हा संग्रह केवळ हौस आहे की सांस्कृतिक जतनाचा एक प्रकार, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाद्याचे स्वरूप

रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली विद्युत्‌दाबाने नियंत्रित होणाऱ्या सिंथेसायझरची रचना मांडली. आंदोलक मूळ स्वर निर्माण करतो, फिल्टर त्यातील काही स्वरांश गाळतो आणि प्रवर्धक ध्वनीची तीव्रता ठरवितो. विद्युत्‌दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो, ही पद्धत पुढे बहुतेक उत्पादकांनी स्वीकारली. १९७० साली बाजारात आलेल्या मिनिमूगमुळे हे तंत्र एका सुटसुटीत वाद्यात सामावले. मात्र तापमान बदलले की अशा वाद्याचा स्वर हलतो. त्या काळी हा दोष मानला जाई. आज संग्राहक त्यालाच ध्वनीचा जिवंतपणा म्हणतात.

बाजारातील अपयश आणि नवे संगीत

१९८३ साली यामाहा कंपनीचा डीएक्स-७ हा अंकीय सिंथेसायझर आला. त्यामागे स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चौनिंग यांचे संशोधन होते. तो स्वराला पक्का होता आणि वजनाला हलका. अनेक वादकांनी आपली जुनी वाद्ये विकून टाकली आणि वापरलेल्या मालाच्या दुकानांत ती पडेल भावाने मिळू लागली.

या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण म्हणजे रोलंड कंपनीचे टीबी-३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी, या हेतूने तादाओ किकुमोतो यांनी ते घडविले. त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा नव्हता आणि त्यात स्वरावली भरणेही किचकट होते. सुमारे १०,००० नग तयार झाल्यावर १९८४ साली उत्पादन बंद पडले. पुढे शिकागोतील फ्यूचर या गटाच्या तरुणांनी असेच एक वापरलेले यंत्र स्वस्तात मिळविले आणि वाजत असतानाच त्याच्या फिल्टरच्या खुंट्या फिरविल्या. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या ध्वनिमुद्रिकेवरून ‘ॲसिड हाउस’ हा संगीतप्रकार ओळखला जाऊ लागला. म्हणजे जे वाद्य बाजारात पडले, त्याच्या स्वस्ताईतूनच नवे संगीत उभे राहिले.

हेच यंत्र त्याआधी मुंबईतही वाजले होते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रे वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तिची फारशी दखल घेतली गेली नाही. जुन्या ध्वनिमुद्रिका गोळा करणाऱ्या एका डच संग्राहकाच्या ती हाती लागली, २०१० साली पुन्हा प्रसिद्ध झाली आणि मगच तिची जगभर चर्चा झाली. २०१५ साली निधन पावलेल्या सिंग यांना उतारवयात ही कीर्ती लाभली, याचे श्रेय संग्राहकवृत्तीला द्यावे लागते.

संग्रहाची दुसरी बाजू

मागणी वाढली तशा किमतीही वाढल्या. जे टीबी-३०३ एकेकाळी कोणी घेत नव्हते, त्यासाठी आज काही हजार डॉलर मोजावे लागतात. ज्या स्वस्ताईमुळे अल्प उत्पन्नाच्या तरुणांना प्रयोग करता आले, ती संग्रहाच्या ओढीनेच संपली, हा यातील अंतर्विरोध होय.

शिवाय वाद्य कपाटात सुरक्षित राहते, हा समजही चुकीचा आहे. कॉर्ग कंपनीच्या पॉलिसिक्स (१९८१) या वाद्यात स्मृती टिकविणारी बॅटरी असते. कालांतराने ती झिरपते आणि मंडलावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. वाद्य वाजवा वा न वाजवा, ही झीज होतच राहते. रोलंडच्या जुनो-१०६ (१९८४) मध्ये स्वरनिर्मितीचे भाग रेझिनमध्ये बंद केलेले आहेत आणि वयोमानाने ते निकामी होतात. ॲसिटोनमध्ये बुडवून ते आवरण काढल्यास अनेकदा तेच भाग पुन्हा चालू लागतात. हे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्यांच्या अनुभवातून आले. दुरुस्तीची मागणी टिकून राहिली, तर कारखान्यालाही मागे वळावे लागते : प्रॉफेट-५ सारख्या वाद्यांत वापरली गेलेली कर्टिस कंपनीची सीईएम-३३४० ही चिप दीर्घ खंडानंतर २०१६ साली पुन्हा तयार होऊ लागली.

सार्वजनिक जतन

कॅनडातील कॅलगरी येथील राष्ट्रीय संगीत केंद्राने टोंटो हा भव्य सिंथेसायझर विकत घेऊन दुरुस्त केला आणि कलावंतांना वापरास खुला केला. स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर्ग येथील इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या संग्रहालयातही अभ्यागतांना वाद्ये हाताळता येतात. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला होता. त्यावर झालेल्या प्रयोगांच्या ध्वनिफिती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्या. पॉल पुर्गस यांच्या संशोधनामुळे त्या उजेडात आल्या आणि २०२३ साली त्यांचे संकलन प्रसिद्ध झाले. त्या फिती जपल्या गेल्या नसत्या, तर भारतीय संगीतेतिहासातील हे पान कोरेच राहिले असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जुन्या सिंथेसायझरचा संग्रह तीन गोष्टींच्या आधारे जतन या संज्ञेस पात्र ठरतो : वाद्य वाजते ठेवणे, दुरुस्तीचे ज्ञान लिहून ठेवणे आणि वाद्य इतरांच्या हाती देणे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण किंमत वाढली की मालकाचा हात आखडतो. वैयक्तिक संग्रहाची मर्यादा येथे स्पष्ट होते आणि शिक्षणसंस्थांचे काम येथूनच सुरू होते. पदार्थविज्ञान विभागाला अशा वाद्यात आंदोलक व फिल्टर यांचे ऐकू येणारे प्रात्यक्षिक सापडेल; संगीत विभागाला स्वर घडतो कसा, याचे. मुके वाद्य ही केवळ वस्तू असते. ते वाजते राहिले तरच ज्या संगीतासाठी ते जपावयाचे, ते संगीतही टिकते.