काचेसारखं लोखंड

मुलांनो, डीपीजवळून जाताना 'घूंऽऽ' असा आवाज तुम्ही ऐकला असेल. (जवळ जायचं नाही बरं, लांबूनच ऐकायचा!) डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आमच्या हिमायतनगरच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारींसाठी अशा डीप्या जागोजागी दिसतात. सगळ्या मोटारी बंद असल्या, तरी डीपी थोडी वीज खातच असते. तिच्या पोटात लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो. त्याचं चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा उलटंसुलटं होतं आणि दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. एका डीपीची थोडीच; पण देशभरातल्या डीप्यांची, तीही चोवीस तास!

ही गळती कमी करणारं एक वेगळंच लोखंड आहे. त्याला म्हणतात धातुकाच. खिडकीच्या काचेसारखं आरपार दिसत नाही हं त्यातून! मग काच का म्हणायचं?

साध्या लोखंडात अणू प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे रांगेत असतात. यालाच स्फटिक म्हणतात. पण एका घोळक्याच्या रांगा एकीकडे तोंड करून, तर शेजारच्या घोळक्याच्या भलतीकडे. त्यांच्या सीमेवर चुंबकत्व अडखळतं. काचेत मात्र रांगाच नसतात. मधल्या सुट्टीत सगळी मुलं मैदानभर पळताहेत आणि कुणीतरी ओरडलं, "स्टॅच्यू!" जो जिथे होता तिथेच थिजला. काच म्हणजे अशी थिजलेली मधली सुट्टी.

लोहार लालभडक विळा चर्रकन पाण्यात बुडवतो, तेव्हा होते का धातुकाच? नाही. विळा लाल असला तरी घट्टच असतो. रांगा असतातच, फक्त त्यांची मांडणी बदलते. धातू आधी पातळ करावा लागतो आणि मग रांगा लावायला वेळच न देता थंड करावा लागतो. १९६० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पोल दुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉन यांच्या मिश्रणावर हे करून दाखवलं. थंड होण्याचा वेग होता सेकंदाला सुमारे दहा लाख अंश!

लोखंडाच्या बाबतीत वितळलेला रस गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडतात. त्याची लांबच लांब फीत निघते, जवळजवळ ०.०२५ मिलिमीटर जाडीची. नुसतं लोखंड मात्र चालत नाही. १०० अणूंमध्ये साधारण ८० लोखंडाचे आणि बाकीचे बोरॉन, सिलिकॉनचे. आई पाकात लिंबू पिळते ना, साखर परत खडे धरू नये म्हणून? तेच काम हे पाहुणे अणू करतात. रांगेत लुडबुड!

खरी गंमत पुढे आहे. घाईघाईत थिजल्यामुळे फितीत ताण राहतो. तो काढायला ती ३५०-४०० अंश सेल्सिअसला तापवतात. अणू जागच्या जागी जरा सैलावतात. पण उष्णता वाढून ५०० अंशांच्या आसपास गेली, की 'स्टॅच्यू' सुटतो. अणू हलतात आणि रांगा लावू लागतात. आधी लोखंडाचे बारीक स्फटिक, मग लोखंड आणि बोरॉनच्या संयुगाचे. तेव्हा फितीतून थोडी उष्णता बाहेरही पडते. त्यावरूनच शास्त्रज्ञ ओळखतात की स्फटिक तयार होताहेत. नवी असताना दुमडली तरी न तुटणारी फीत आता कुरडईसारखी कडकन मोडते, आणि तिच्यात वीजही जास्त वाया जाते. सगळी मेहनत पाण्यात!

धातुकाचेत स्फटिक कसे तयार होतात, याचा अभ्यास आपल्या मुंबईतही झाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. श्रीकुमार बॅनर्जी आणि डॉ. जी. के. डे यांनी झिर्कोनियमच्या धातुकाचांवर तो केला.

म्हणजे स्फटिक वाईटच? १९८८ साली जपानमधल्या हिताची मेटल्सच्या योशिझावा आणि सहकाऱ्यांनी उलटंच केलं. फितीच्या मिश्रणात थोडं तांबं आणि निओबियम घातलं आणि ती मुद्दाम ५५० अंशांच्या आसपास तासभर तापवली. तांब्यामुळे स्फटिक एकदम असंख्य ठिकाणी सुरू झाले, आणि सुस्त निओबियमने त्यांना वाढू दिलं नाही. एका मिलिमीटरमध्ये लाखभर मावतील एवढे ते चिमुकले! इतक्या बारीक घोळक्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असली, तरी चुंबकत्वाला त्यांचा पत्ताच लागत नाही. ते अडखळायचंच थांबतं. मला तर ही युक्ती मूळ शोधापेक्षाही आवडते.

डीपीत मात्र स्फटिक नसलेली फीतच वापरतात. भारतातही अशा डीप्या आहेत. गाभ्यातली गळती नेहमीच्या पत्र्यापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होते. किंमत मात्र जास्त पडते. आणि तो 'घूंऽऽ' आवाज? तो काही जात नाही. चुंबकत्व उलटताना गाभा किंचित लांब-आखूड होतो, त्याचा तो आवाज. ही फीत साध्या पत्र्यापेक्षा जरा जास्तच लांब-आखूड होते, म्हणून तिची डीपी उलट थोडी मोठ्यानेच गुणगुणते.