अनंत पिवळा का पडतो?

कोकणातून हौसेने आणलेला अनंत पुण्या-नगरच्या अंगणात लागतो. पहिला पावसाळा बरा जातो. मग पाने पिवळी पडू लागतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात. ‘खत कमी पडलं असेल’ म्हणून मूठभर युरिया घातला जातो आणि झाड आणखीच मलूल होते. एक्झोराचीही हीच कथा.

खत देण्याआधी पान नीट पाहावे. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. खरे तर मातीत लोह भरपूर असते. ते मुळांना शोषता येत नाही इतकेच. कारण मातीचा सामू. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. आणि एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, तिचा सामू अनेकदा ८ च्या आसपास जातो आणि लोह पाण्यात विरघळेनासे होते. कोकणात मुसळधार पाऊस चुना धुऊन नेतो, म्हणून जांभ्याची माती आम्लधर्मी. अनंताला ५ ते ६.५ सामू मानवतो. कण्हेर, रोझमेरी यांना मात्र चुनखडीचे फारसे वावडे नाही.

हायड्रेंजिया तर हा फरक फुलांतच दाखवते: आम्लधर्मी मातीत अ‍ॅल्युमिनियम मिळाले की निळी, अल्कधर्मी मातीत गुलाबी. लिटमसच्या नेमके उलट!

घरच्या घरी चाचणी सोपी आहे. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसले, तर चुनखडी आहे. पण म्हणून कुंडीत व्हिनेगर किंवा लिंबू ओतू नये. चुनखडी ते आम्ल लगेच निष्प्रभ करते. चहाच्या चोथ्यानेही सामू फारसा हलत नाही. गंधक उपयोगी पडते, पण जिवाणू त्याचे आम्ल करणार, त्यात काही महिने जातात. तोवर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. मातीतून द्यायचे तर चिलेटेड लोह घ्यावे, तेही ईडीडीएचए प्रकारचे. स्वस्तातले ईडीटीए चुनखडीत टिकत नाही.

सर्वांत सोपे म्हणजे अनंत मोठ्या कुंडीत, कोकोपीट आणि पानांचे खत मिसळून लावणे. पाणी बोअरवेलचे जड असेल, तर त्यातला चुना कुंडीत साठत जातो. अशा घरी पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवावे आणि ते आधी अनंताला घालावे.