'ओ' गटाच्या आड दडलेला गट

एके काळी वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाच्या गाठी मुंबईत कॉटन ग्रीनला येऊन पडत. छाप पाहून माल ओळखायची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. तेथून उत्तरेला, परळच्या के. ई. एम. इस्पितळात, १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र बिनछापाचे रक्त सापडले!

रक्तातल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या जातीच्या पदार्थांचे छाप असतात. आधी 'एच', मग त्याच्यावर 'ए' किंवा 'बी'. 'ओ' गटात नुसता 'एच'. हे छाप डोळ्यांना दिसत नाहीत. ते ओळखतात प्रतिपिंड. परका छाप दिसला की शरीरातला हा पहारेकरी त्याला जाऊन चिकटतो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात 'ए'विरोधी प्रतिपिंडांचा थेंब मिसळून पट्टी हलवायची. नासलेल्या दुधासारखे कण जमले, तर 'ए' आहे. एकसारखे राहिले, तर नाही. 'बी'चेही तसेच. या गटांचा शोध व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली मांडला, त्याला १९३० चे नोबेल मिळाले.

आता खरी गोम. दोन्ही थेंबांनी कण जमले नाहीत, की गट 'ओ' म्हणून लिहून मोकळे होतात. पण भेंड्यांना आढळलेल्या माणसांत 'एच'सुद्धा नव्हता. त्यामुळे त्यांच्या रक्तात 'एच'विरोधी प्रतिपिंड तयार असतात. अशा माणसाला 'ओ' रक्त चढवले, तर त्या पेशी फुटू लागतात आणि जिवावर बेतते. 'ओ' कुणालाही चालते, ही आपली ऐकीव समजूत इथे घात करते. म्हणून रक्तपेढीत उलट तपासणीही करतात: रोग्याच्या रक्तातले पाणी वेगळे काढून त्यात माहीत असलेल्या 'ओ' पेशी घालतात. कण जमले, की संशय घ्यायचा.

या गटाला जगभर 'बाँबे' गट म्हणतात. आपल्या देशात दहा हजारांत एखादा असा निघतो. आईबाप दोघांकडून तोच दोष आला तरच तो उतरतो. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या घरांत शक्यता वाढते. गुरुजी, वर्गात कुणी विचारील, 'मग त्याला रक्त कुणाचे?' फक्त त्याच गटाचे. शोध आधी सख्ख्या भावंडांत घ्यावा, कारण त्यांच्यात चारांत एक एवढा संभव असतो.