सिनेमातला हिशोब आणि आपल्या घरातला

नववीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "इन्स्टाग्राम कोणाच्या मालकीचे?" निम्म्या वर्गाने एका दमात झुकरबर्ग यांचे नाव घेतले. "आणि त्यावर तुम्हाला काय दिसावे, हे कोण ठरवते?" वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "टीचर, ते आपोआप येते."

हे 'आपोआप' म्हणजे नेमके काय, यावरच आता एक चित्रपट येत आहे. फेसबुकच्या जन्माची गोष्ट सांगणारा 'द सोशल नेटवर्क' २०१० साली आला होता. त्याच्या पटकथेसाठी अॅरन सॉर्किन यांना ऑस्कर मिळाले. तेव्हा दिग्दर्शन डेव्हिड फिंचर यांचे होते; दुसऱ्या भागाचे लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही सॉर्किन करत आहेत. झुकरबर्ग यांच्या भूमिकेत जेसी आयझेनबर्गऐवजी जेरेमी स्ट्राँग आहेत. प्रदर्शनाची जाहीर झालेली तारीख ९ ऑक्टोबर २०२६ आहे आणि नाव आहे 'द सोशल रेकनिंग'. रेकनिंग म्हणजे हिशोब. प्रत्येक कृत्याचा हिसाब द्यावा लागणार, हे आपल्या घरांत मुलांना लहानपणीच शिकवले जाते. त्यामुळे हे नाव आपल्याला परके वाटू नये.

या भागाची नायिका फ्रान्सिस हॉगन ही फेसबुकमध्ये नोकरी केलेली खरीखुरी बाई आहे. ही भूमिका मायकी मॅडिसन करत आहेत. हॉगन यांनी कंपनीची हजारो अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने त्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये लेखमाला छापली आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी हॉगन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. शरीराबद्दल आधीच अस्वस्थ असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी सुमारे तिघींत एकीला इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटते, असे कंपनीच्याच संशोधनात आढळले होते. कागदपत्रांचा अर्थ चुकीचा लावला गेला, असे कंपनीचे म्हणणे होते.

त्या कागदपत्रांत आपला देशही होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीच्या एका संशोधकाने केरळमधील व्यक्तीच्या नावाने नवे खाते उघडले आणि समोर जे सुचवले जाईल तेच पाहत जायचे ठरवले. अवघ्या तीन आठवड्यांत ते खाते द्वेषाने, खोट्या बातम्यांनी आणि मृतदेहांच्या चित्रांनी भरून गेले. हिंदी आणि बंगालीतला द्वेषपूर्ण मजकूर ओळखणारी यंत्रणा अपुरी असल्याची नोंदही त्या कागदांत होती. कोट्यवधी लोक बोलतात त्या भाषांची ही अवस्था, तर मराठी-उर्दूवर किती लक्ष असेल?

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ही गरीब माणसे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्याआधी मोबाइलवरून गावोगाव पोहोचली होती. व्हॉट्सअॅप त्याच कंपनीचे. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पण ज्यांनी तो पुढे ढकलला, त्यांतल्या बहुतेकांनी तो भल्यासाठीच पाठवला असणार: आपल्या मुलांची काळजी म्हणून.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या मीरा रोडच्या नया नगरमध्ये तणाव झाला, तेव्हाही रात्रभर फोन वाजत होते. व्हिडिओ कुठला, कधीचा, हे न विचारता तो पुढे जात होता. तेव्हा चुका फक्त समोरच्यांनीच केल्या, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. एखादी बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा हुकूम सूरह हुजुरातमध्ये (४९:६) आहे. तो फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही.

कंपनीचा हिशोब न्यायालये, संसदा आणि सिनेमावाले करतील. घरातला आपणच करायचा आहे. त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. कुठून आले ते माहीत नसेल तर पुढे पाठवू नये. रात्री सगळ्यांचे फोन, अब्बा-अम्मींचेसुद्धा, एकाच ठिकाणी ठेवावेत. मुलगी आरशासमोर उगाच रडवेली दिसली तर आधी दटावू नये, काय पाहिले ते विचारावे.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले, "बेटा, आपोआप काही येत नाही. तू ज्यावर थांबतेस, तेच तुला पुन्हा दाखवले जाते." तिने लगेच विचारले, "मग टीचर, तुम्ही कशावर थांबता?"

उत्तर द्यायला आम्हाला जरा वेळ लागला. वाचक बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवण झाल्यावर मुलांचा फोन तपासण्याआधी आपला फोन त्यांच्या हातात द्या.